बाल्कनीसमोरचं कावळ्याचं घरटं: आधी दिवस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली सोसायटी, तिसरा मजला, आणि बाल्कनीपासून सात-आठ फुटांवर सोनमोहोराच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काड्या यायला लागल्या, 20 तारखेच्या आसपास काथ्या आणि चिंध्या नेताना दिसले. आज 14 मे. गेल्या तीन-चार दिवसांपासून कपडे वाळत घालायला गेलेल्याच्या डोक्यात टोच बसते आहे. गच्चीवर पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात हाडं आणि पोळीचे तुकडे सापडतात. घरटं काढता येईल का? हे किती दिवस चालणार? पिल्लू पडलं तर काय करायचं? आणि ते कोकिळेचं असेल तर ओळखायचं कसं?

घरटं आता काढायचं नाही. कावळा पूर्वी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर-घुशींच्या पंगतीत होता. त्यामुळे ‘कावळ्याला कसला कायदा’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच गेली आणि गावकावळा दुसऱ्या अनुसूचीत आला. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. या कायद्यात शिकारीची व्याख्या लांबरुंद आहे. पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही तिच्यात बसतं. फांदी तोडून घरटं पाडू म्हणाल तर शहरातलं झाड तोडायला-छाटायला महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी या टप्प्यावर घरटं पाडण्यात तोटा तुमचाच आहे. हंगाम शिल्लक असताना घरटं मोडलं की जोडी बहुतेक वेळा जवळच दुसरं बांधते आणि पुन्हा पहिल्या अंड्यापासून सुरुवात करते. महिनाभर उरलेला त्रास दोन महिन्यांवर जातो.

म्हणून आधी दिवस मोजायचे. कावळ्याच्या घरट्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. बांधकामाला एक ते दोन आठवडे लागतात. मग रोज साधारण एक याप्रमाणे चार-पाच अंडी. ती निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्या-फराट्यांची, सुमारे 37 मिलिमीटर लांब आणि 27 रुंद. उबवण 16-17 दिवस. पिल्लं घरट्यात तीन ते चार आठवडे. त्यानंतर ती उडायला लागली तरी आणखी काही आठवडे आईबापांच्या मागे ‘दे, दे’ करत फिरतात.

तुमच्या तारखांना हे लावून बघा. मऊ सामान आत जायला लागलं की अस्तर चाललंय असं समजायचं. त्यानंतर दोन-चार दिवसांत अंडी येतात. म्हणजे अंडी 22 ते 26 एप्रिलच्या दरम्यान. मादी सगळी अंडी होईपर्यंत थांबत नाही, आधीच बसायला लागते. त्यामुळे पिल्लं 9 ते 13 मेच्या दरम्यान एकामागून एक बाहेर आली असणार. टोच नेमकी तेव्हापासूनच बसते आहे, हा योगायोग नाही. अंडी असताना कावळा घरट्यावर दबून बसतो, फार तर ओरडतो. पिल्लं आली की तो अंगावर येतो. इथून पुढे ती 30 मे ते 10 जूनच्या दरम्यान घरट्याबाहेर पडतील. सर्वांत जोरदार हल्ले त्याच दिवसांत होतील, कारण तेव्हा पिल्लं खालच्या फांद्यांवर, गाड्यांच्या टपांवर, कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जोर ओसरतो.

सुरुवातीच्या तारखा हुकल्या असतील तर घरट्यात डोकावायची गरज नाही, लांबूनही टप्पा कळतो. लांब काडी आडवी धरून, फांद्यांना अडखळत येणारा कावळा म्हणजे बांधकाम. जमिनीवरची काडी त्याला फारशी आवडत नाही, तो झाडावरचीच मोडून काढतो. झाडाखाली काड्यांचा सडा दिसतो तो निसटलेल्या मालाचा. घरट्याच्या काठावरून नुसतं शेपटीचं टोक दिसतंय, आणि दुसरा कावळा आला की बसलेली पंख थरथरवत पिल्लासारखा आवाज काढतेय, म्हणजे अंडी आहेत. नर मादीला जागेवर भरवतोय. आणि दोघांची ये-जा सुरू झाली, येणाऱ्याचा गळा हनुवटीखाली लिंबाएवढा फुगलेला दिसला, की पिल्लं आली. कावळा चोचीतून नेतो त्याहून जास्त गळ्यातल्या पिशवीतून नेतो. तुमच्या बाल्कनीतून सात-आठ फुटांवर हा फुगवटा दुर्बिणीशिवाय दिसेल. घरट्याच्या काठावर पंख फडफडवणारी पिल्लं दिसली की शेवटचा आठवडा.

पाण्याच्या भांड्यातली हाडं त्याच कारभाराचा भाग आहेत. वाळकी पोळी, पाव, सुकी मासळी कावळा पाण्यात टाकून मऊ करतो आणि मग नेतो. लहान पिल्लांना कोरडं गिळता येत नाही, आणि मेच्या उन्हात त्यांना मिळणारं पाणी बहुतांशी अन्नातूनच येतं. तेव्हा पाणी बंद करू नका, भांडं रोज घासून भरा. ते बाल्कनीत असेल तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. खायला मात्र मुद्दाम काही घालू नका. ‘खायला दिलं तर ओळख होईल, टोचणार नाही’ हा सल्ला फिरतो खरा, पण त्या खाण्यावर शेजारचे कावळे, मांजरं आणि घुशी येतात, आणि आपल्या झाडाजवळ आलेल्या प्रत्येकाशी ही जोडी भांडत बसते. भांडण वाढतं आणि मधे तुम्ही सापडता.

आता टोचेबद्दल. कावळा बहुतेक वेळा मागून येतो आणि डोक्याच्या वरच्या भागावर मारतो, अनेकदा चोचीने नव्हे तर पायाने. त्याच्याकडे तोंड करून मागे सरकलात तर तो सहसा वळसा घालून निघून जातो. पाठ दाखवून पळालात तर हमखास बसते. कपडे वाळत घालायची वेळ बदलणं हा सर्वांत साधा उपाय आहे. पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर भरवण्याची धांदल असते. अंधार पडला की कावळा जागचा हलत नाही, तेव्हा रात्री आठनंतर खुशाल जा. दिवसा जायचंच असेल तर उघडी छत्री डोक्यावर धरा, किंवा सरळ हेल्मेट घाला. हसतील शेजारी, हसू द्या. कबुतरांसाठी लावतात ती ताणलेली जाळी बाल्कनीला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर महिनाभरासाठी झाडाच्या बाजूला जुनी साडी किंवा हिरवं शेडनेट आडवं बांधा. घरटं तुम्हाला दिसेनासं झालं की तुम्हीही त्याला दिसत नाही, आणि निम्मं काम होतं. शेडनेटची कडा मात्र घट्ट बांधा. सैल जाळीत पाय अडकून लटकलेला कावळा सोडवणं ही मोठी कटकट आहे.

दोन गोष्टी टाळाच. एक, दगड-काठी उगारणं. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 2006 पासून मुखवटे वापरून अमेरिकन कावळ्यांवर प्रयोग झाले. ज्या मुखवट्याने कावळे पकडले होते तो घालून नुसतं चालत गेलं तरी कावळे वर्षानुवर्षं गोंगाट करत होते, आणि ज्यांना पकडलं नव्हतं तेही. आपला गावकावळा वेगळ्या जातीचा आहे, पण एका सोसायटीत एकाच वॉचमनवर धाड का पडते हे त्यावरून कळायला हरकत नाही. दुसरी, हातात काळी लोंबती वस्तू नेणं. काळी पिशवी, ओला काळा टी-शर्ट, छत्रीचं मिटलेलं कापड दुरून त्याला मेलेल्या कावळ्यासारखं दिसतं. मेलेला कावळा दिसला की द्यायची हाक वेगळी असते आणि तिला पंचक्रोशीतले कावळे धावून येतात. काळे कपडे हा महिना आत वाळवा.

सोसायटीत आणखी एक भीती बोलून दाखवली जाते: ‘आज एक घरटं, पुढच्या वर्षी पन्नास.’ तसं होत नाही. ही सवय रूकची आहे. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा कावळ्याचा भाऊबंद पाहिला असेल, चोचीच्या बुडाशी पांढरट उघडी कातडी असलेला. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडं निष्पर्ण असताना, एकाच राईत डझनावारी घरटी बांधतो आणि शेजाऱ्याच्या घरट्यातल्या काड्या चोरतो. आपला गावकावळा झोपायला शेकड्यांनी एकत्र येतो, पण संसार सुटा मांडतो. साधारणपणे एका झाडावर एक जोडी. वड-पिंपळासारखं विस्तीर्ण झाड असेल तर दोन-तीन. संध्याकाळी स्टेशनाबाहेरच्या झाडावर भरते ती कावळ्यांची शाळा, तिथे घरटी नसतात. आणि मान राखाडी नसलेला, जाड चोचीचा काळाकुट्ट कावळा दिसला तर तो डोमकावळा. त्याचा हंगाम गावकावळ्याच्या आधी, हिवाळा सरता सरता सुरू होतो.

कोकिळेचा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे चुका जास्त होतात. सोसायटीत पहाटे चारपासून ‘कुहू’ चालू असेल तर तुमच्या घरट्यात तिचं अंडं असण्याची शक्यता चांगली आहे. काळा नर घरट्याजवळ येऊन मुद्दाम आवाज करतो, कावळे त्याच्यामागे लागतात, आणि तेवढ्यात ठिपक्यांची मादी आत जाऊन काही सेकंदांत अंडं घालून निघते. हे अंडं कावळ्याच्या अंड्यासारख्याच रंगाचं पण लहान, सुमारे 31 बाय 23 मिलिमीटर. खरी चलाखी वेळेत आहे. कोकिळेचं अंडं 12 ते 14 दिवसांत फुटतं, कावळ्याचं 16-17 दिवसांत. दोन-तीन दिवस आधी आलेलं पिल्लू त्या काळात एकट्याने खातं आणि मोठं होतं.

युरोपातल्या कोकिळेच्या जातभाईचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर लोटतं, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्या कोकिळेचं पिल्लू तसं करत नाही. कावळ्याची आणि कोकिळेची पिल्लं एकाच घरट्यात वाढून दोन्ही उडाल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. कावळ्याची पिल्लं मरतात ती बहुतेक उपासमारीने, तीही शेवटी जन्मलेली. आणि हे कोकिळेशिवायही होतं. चार अंड्यांतून दोन पिल्लं उडाली तर ते घरटं यशस्वी समजायचं.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, लहानपणी दोघंही काळपट आणि दोघांचाही जबडा आतून लालसर. पाय बघा. कावळ्याच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे. कोकिळेला दोन पुढे, दोन मागे. पिल्लू काठावर येऊन फांदी पकडायला लागलं की हे स्पष्ट दिसतं, मोबाइलच्या झूमनेही. मोठं झाल्यावर कोकिळेच्या पिल्लाची शेपूट लांब, अंग सडपातळ आणि पंखांवर फिकट ठिपके दिसतात. ओळख पटली तरी करायचं काही नाही. ‘कावळ्याचं भलं करू’ म्हणून ते पिल्लू बाहेर काढणं म्हणजे एका पक्ष्याचं पिल्लू मारून दुसऱ्याचं घरटं विस्कटणं. दोन्ही गुन्हे, आणि दोन्ही निरर्थक. घरट्याबाहेर पडल्यावरही कावळेच त्याला दोन-तीन आठवडे भरवतात. क्वचित कोकिळाही आपल्या पिल्लाला भरवताना दिसते, ‘टाकून जाते’ या लौकिकाला न शोभेल अशी.

पिल्लू खाली सापडलं तर पहिला प्रश्न: अंगावर पिसं किती? पूर्ण पिसं, आखूड शेपूट, निळसर-करडे डोळे आणि उड्या मारत फिरणं, हे उडायला शिकणारं पिल्लू आहे. ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. त्याला घरी नेणं म्हणजे चक्क पळवणं. रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये असेल तर हेल्मेट घाला, त्याच्या अंगावर हलका फडका टाका, दोन्ही हातांत अलगद धरा आणि पाच-दहा मीटरच्या आत झुडपावर किंवा भिंतीवर ठेवून मागे फिरा. कावळे या वेळी आकाश डोक्यावर घेतील. एका मिनिटात काम उरकायचं. मांजरं आणि मोकाट कुत्री दोन दिवस लांब ठेवता आली तर तेवढी मदत पुरे.

उघडं, किंवा पिसांचे निळसर कोंब नुकते फुटलेलं, उभं राहू न शकणारं पिल्लू असेल तर ते खरंच पडलेलं आहे. घरट्यापर्यंत हात पोहोचत नसेल तर पर्यायी घरटं करा. 25-30 सेंटिमीटर तोंडाची बांबूची टोपली घ्या. प्लॅस्टिकची असेल तर तळाला भोकं हवीत, नाहीतर वळवाच्या एका सरीत पिल्लू बुडतं. तळाशी चार बोटं काथ्या आणि सुकं गवत. कापूस नको, त्यात नखं अडकतात. टोपली त्याच झाडावर, घरट्याच्या शक्य तितक्या जवळ आणि दुपारी सावली राहील अशी, दोन ठिकाणी सुतळीने बांधा. मग आत जाऊन दोन तास लांबून पाहा. पिल्लू ओरडलं की आईबाप येतात. ‘माणसाचा हात लागला की कावळे टाकतात’ हे खरं नाही. ते येत नाहीत तेव्हा कारण बहुधा एकच असतं: टोपलीभोवती जमलेली माणसं.

चोचीत ड्रॉपरने पाणी सोडू नका. पिल्लाची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, पाणी फुप्फुसात जातं आणि तासाभरात खेळ संपतो. दूध-पाव तर नाहीच. जखम असेल, पंख लोंबत असेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून, अंधारात आणि शांत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मदतीला उशीर लागणार असेल तर उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे ओलसर तुकडे, तेही पिल्लाने स्वतः चोच उघडली तरच. मेलेला कावळा सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. जानेवारी 2021 च्या बर्ड फ्लूच्या साथीत महाराष्ट्रात कावळेही दगावले होते. एकाहून जास्त मेलेले दिसले तर महापालिकेला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

घरटी बिघडतात कशाने? सर्वांत जास्त वळवाने. मेमधल्या वादळी पावसात टोकाच्या फांदीवरचं घरटं एका झोडपणीत जातं. त्याखालोखाल शहरी सामान. कावळ्याला काडीपेक्षा बांधकामाची तार जास्त भावते. ती वाकवली की वाकते आणि निसटत नाही. चिमणीचं मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं, असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण शहरातल्या कावळ्याचं घर लोखंडाचं निघतं. तारेचं घरटं झाडावर टिकाऊ असतं, विजेच्या खांबावर धोक्याचं. ट्रान्सफॉर्मरजवळ असं घरटं दिसलं तर स्वतः काठी घालू नका, महावितरणला कळवा. तिसरं कारण मांजा. अस्तरात नायलॉनचा दोरा गेला की तो पिल्लाच्या पायाला फास बसून वाढतो. बाकीची भावंडं उडून गेली आणि एक चार-पाच दिवस जागच्या जागी फडफडतंय असं दिसलं तर हेच समजा आणि पक्षी सोडवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. संक्रांतीनंतर झाडावरचा मांजा उतरवणारी सोसायटी नकळत एप्रिलमधली पिल्लं वाचवत असते.

घरटं आंब्यावर असेल तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर असेल तर दुष्काळ, असा आडाखा शेतकरी बांधत आले आहेत. शहरात त्याचा उपयोग नाही. इथे कावळ्याला मिळेल ते बेचकं घ्यावं लागतं. एवढं मात्र खरं की पिल्लं बाहेर पडायची वेळ आणि पहिल्या पावसाने किडे-गांडुळं वर यायची वेळ जुळते. जुलै-ऑगस्टभर नव्या पिल्लांचा पंख थरथरवत हावरटपणा चालू राहतो, मग ती थव्यात मिसळतात. पितृपक्षात पिंडाला शिवायला येणाऱ्यांत याच वर्षीची काही असतात, चेहऱ्याने अजून निबर न झालेली.

पुढच्या वर्षीसाठी काय? रिकामं घरटं सप्टेंबरमध्ये, आत आणि भोवती कोणी नाही याची खात्री करून, हातमोजे आणि मास्क घालून उतरवा. तारा कापायला पक्कड लागेल. जोडी तीच जागा पुन्हा धरण्याची शक्यता असते, म्हणून बाल्कनीकडे आलेली ती एक बेचक्याची फांदी रीतसर परवानगी काढून ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान छाटून घ्या. अर्ज सप्टेंबरमध्येच टाका. मार्च उजाडल्यावर परवानगी हातात आली तर तोवर बेचक्यात पहिली काडी बसलेली असेल, आणि मग सप्टेंबरपर्यंत थांबावं लागेल.